रिकाम्या गादीचा वारस

मधमाश्यांच्या पेटीतील राणी नाहीशी झाली की ती वार्ता आत किती त्वरेने पसरते, याची यथार्थ कल्पना ज्याने स्वतः त्या पेटीचे झाकण उचललेले नाही त्याला येणे कठीण आहे. कारण ती वार्ता डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानांना कळते. सुस्थित वसाहतीचा नाद झाकण उघडताच क्षणभर चढतो आणि लगेच खाली बसतो. परंतु राणीवाचून राहिलेल्या पेटीतून निघणारा लांबट, वर-खाली होणारा घोष बराच वेळ थांबत नाही, आणि चौकटींवरील माश्या पंख फडफडवीत, कोठे जावे हे न कळल्यासारख्या धावत सुटतात. वस्तुतः घडलेले असते ते एवढेच, की राणीच्या देहातून स्रवणारे आणि तिच्या भोवतालच्या परिचारिकांकडून मुखामुखी साऱ्या वसाहतीत पोचणारे एक द्रव्य येईनासे झालेले असते. कॉलिन बटलर या इंग्रज शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात या द्रव्याचा माग काढला. हे द्रव्य मिळते आहे तोवर कामकरी माश्या नवी राणी घडविण्याच्या उद्योगास लागत नाहीत व त्यांची स्वतःची अंडाशयेही सुप्त राहतात. ते थांबले की काही तासांतच त्यांना आपल्या अनाथपणाची जाणीव होते.

उज्जैनच्या जुन्या वस्तीतून रेल्वेवरील पूल ओलांडून फ्रीगंजात आले की रस्ते रुंद आणि सरळ होतात, आणि टॉवर चौकाच्या आसपासच्या काही गल्ल्यांत अद्यापि अशी घरे आढळतात की ज्यांच्या मागील आवारात कडुनिंब, शेवगा, जांभूळ यांना जागा उरलेली आहे. अशाच एका आवारात मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. त्यांची देखभाल करणारी मुलगी विक्रम विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिचे काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक, शिंदेशाहीच्या दप्तरांत आयुष्य घालविलेले, आणि पुतणीच्या या उद्योगात पहिल्या दिवसापासून मनापासून सहभागी. फाल्गुनाच्या शुक्ल पक्षात दोहोंपैकी एका पेटीतील राणी नाहीशी झाल्याचे उघडकीस आले. अंडे एकही नव्हते; लहानात लहान अळ्यादेखील बऱ्याच वाढलेल्या होत्या; आणि मधल्या दोन चौकटींवर, पोळ्याच्या ऐन पृष्ठभागातून बाहेर येऊन खाली वळलेली, भुईमुगाच्या शेंगेएवढी व तशाच खडबडीत सालीची चार-पाच राणीघरे लोंबत होती. जुन्या पोळ्याचे मेण वापरल्यामुळे त्यांचा रंग तपकिरी होता, आणि बहुतेकांची तोंडे बंद झालेली होती. ती तशीच राहू द्यावी, की काढून टाकून बाहेरून फळलेली, अंडी घालती राणी आणावी, यावर काका-पुतणीत जो वाद झाला तो मी समोर बसून ऐकला. वाद दोघांनीही निष्ठेने केला, आणि त्यातील प्रश्न एका पेटीपुरता नाही असे मला वाटल्यावरून तो येथे देत आहे.

काका : तू म्हणतेस, पेटीने आपला वारस स्वतः निर्माण करावा आणि तोवर आपण हात बांधून बसावे. या बसण्यालाच माझी हरकत आहे. ज्या संस्थानाच्या अमलात आपले हे फ्रीगंज वसले, त्याच घराण्याचा दाखला घे. १८२७ साली दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा पत्नी बायजाबाईंनी कारभार हाती घेतला, भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतला, आणि जनकोजीराव या नावाने त्याला गादीवर बसविले, राज्य सावरले. पुढे १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीरावही निपुत्रिक वारले. तेव्हाही दत्तक झाला, पण वारस आठ-नऊ वर्षांचा, त्याला दत्तक घेणारी ताराबाई स्वतः अल्पवयीन, आणि मुखत्यारी मामासाहेब कदमांकडे की दादा खासगीवाल्यांकडे यावरून दरबारात दुफळी. परिणाम काय झाला? ते वर्ष सरण्यापूर्वी, २९ डिसेंबर रोजी, महाराजपूर आणि पनिहार अशा दोन रणांगणांवर एकाच दिवशी शिंद्यांची फौज इंग्रजांकडून पराभूत झाली. गादीवर कर्ता पुरुष नसला म्हणजे काय होते ते हे. तुझ्या पेटीत तर अल्पवयीन वारसदेखील नाही. जो आहे तो कोषात निजलेला आहे. म्हणून माझी तजवीज अशी, की कर्ती राणी आज मागवावी, ती पोचेल त्या दिवशी पिंजऱ्यातून आत ठेवावी, आणि अंडी पुन्हा सुरू करून द्यावीत.

पुतणी : काका, तुम्ही दिलेला दाखला राज्याचा आहे, आणि राज्यात गादीवरून हुकूम सुटतात. पेटीत राणीकडून एकही हुकूम सुटत नाही. कोणत्या फुलांवर जायचे, पोळे कोठे वाढवायचे, नर केव्हा वाढवायचे आणि केव्हा हाकलून द्यायचे, एवढेच नव्हे तर राणीला किती खाऊ घालायचे, आणि पर्यायाने तिने किती अंडी घालायची, हे सगळे कामकऱ्यांच्या वागण्यावर ठरते. राणी गेली म्हणून आज कारभार अडलेला नाही. दारावर पाहा, पायांना पिवळे परागाचे गोळे लावून माश्या अजून येत आहेत. अडले आहे ते फक्त प्रजेचे येणे. तेव्हा प्रश्न मुखत्यारीचा नाही, मुदतीचा आहे.

काका : ठीक. मुदतीचाच हिशेब करू. राणीची वाढ अंड्यापासून सोळा दिवसांत पुरी होते, असे तूच सांगितलेस. बाहेर आल्यावर पाच-सहा दिवस तिला पंख आणि अंग सिद्ध होण्यास लागतात. मग नरांशी संयोगासाठी भरारी. मग दोन-तीन दिवसांनी पहिले अंडे. आणि त्या अंड्यातून कामकरी बाहेर येण्यास आणखी एकवीस दिवस. कामाच्या दिवसांत कामकरी माशी सहा आठवडे जगते. म्हणजे तुझी नवी प्रजा दारात उभी राहीपर्यंत जुनी पिढी जवळजवळ संपलेली असेल. शिवाय हा फाल्गुन आहे. शेतांतील मोहरी कधीच उतरली, धन्याची फुले संपत आली. आता कडुनिंबाचा आणि जांभळाचा मोहर, आणि त्यापुढे माळव्याचा वैशाख, ज्यात मधमाशीला पाणी मिळाले तरी पुष्कळ. ज्या दिवसांत माश्या भरभरून हव्यात त्याच दिवसांत तू पेटी रिकामी करीत आहेस.

पुतणी : हिशेब बरोबर आहे, पण त्यात दोन रकमा दोनदा धरल्या गेल्या आहेत. पहिली अशी, की राणी अंड्यापासून सोळा दिवस घेते हे खरे, तथापि संकटात सापडलेल्या माश्या नव्या अंड्यापासून आरंभ करीत नाहीत. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी निवडून तिचे घर वाढवितात. म्हणजे सोळांतले चार दिवस आधीच सरलेले असतात. आणि ही घरे तर आता बंद झालेली आहेत, तेव्हा राणी बाहेर पडायला आठवडाभर पुरे. दुसरी रक्कम अशी, की राणी गेली त्या दिवशी पेटीतला जन्म थांबला नाही. तिने शेवटी घातलेल्या अंड्यांतून एकवीस दिवसांपर्यंत माश्या निघतच राहणार. रिकामा काळ आहे, मी नाकारीत नाही. पण तो सात आठवड्यांचा नाही, साडेतीनच्या आसपास आहे. आणि तेवढी तूट भरून काढण्याची सोय आपल्या आवारातच आहे : त्या दुसऱ्या पेटीतील झाकलेल्या कोषांची एक चौकट हिच्यात आणून ठेवायची. पुढचे दहा-बारा दिवस त्या चौकटीतून तरुण माश्या निघत राहतील.

काका : मग चौकटच आणायची तर राणी का नको? आणलेली ती चौकट परकी नव्हे काय?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, कारण वादाचे खरे मर्म येथे आहे. अंड्या-अळ्यांची परकी चौकट कोणतीही वसाहत विनातक्रार आपली म्हणून स्वीकारते. परक्या राणीला मात्र तीच वसाहत पुष्कळदा घेरते, तिच्याभोवती माश्यांचा घट्ट गोळा होतो, आणि त्या गोळ्यातील उष्णतेने व दंशाने ती मरते. अनाथ अपत्यास आसरा देण्याची एवढी तत्परता आणि आयत्या आलेल्या मातेविषयी एवढा संशय, हे दोन्ही एकाच घरात नांदत असल्याचे पाहून मनुष्याला आपल्या घरांची आठवण व्हावी यात नवल नाही. परंतु पुतणीने त्याचे जे कारण दिले ते अधिक निर्विकार आणि म्हणूनच अधिक उपयोगी होते.

पुतणी : चौकटीवरील अळ्यांपासून त्यांच्या गादीला काही धोका नसतो, काका, उलट उघड्या अळ्यांच्या गंधाने कामकऱ्यांची अंडाशये दबून राहतात, म्हणून राणी नसलेल्या पेटीला अळ्या असणे हेच एक औषध आहे. राणीचे तसे नाही. तिचा गंध परका असतो, आणि यांनी तर आपली राणी आधीच मांडलेली आहे. ज्या वसाहतीत बंद झालेली राणीघरे लोंबत आहेत ती वसाहत बाहेरची राणी सहजासहजी रुजू करून घेणार नाही. तुमची तजवीज अंमलात आणायची तर आधी ही सगळी घरे चाकूने कापावी लागतील. समजा, कापली, आणि पिंजऱ्याच्या तोंडाशी लावलेले साखरेचे पीठ खाऊन संपल्यावर पाहुणी बाहेर आली नि यांनी तिला मारली, तर मग? आतल्या अळ्या तोवर राणी होण्याच्या वयापलीकडे गेलेल्या असतील. घरचा वारस आपण मारलेला, बाहेरचा त्यांनी मारलेला. आणि त्या पेटीला स्वतःच्या बळावर उठण्याचा मार्ग उरणार नाही.

काका : अळीचे वय इतके निर्णायक का?

पुतणी : कारण राणी आणि कामकरी यांच्या अंड्यांत भेद नसतो. दोघी एकाच आईच्या फळलेल्या अंड्यांतून निघतात. पहिले दोन-तीन दिवस दोघींनाही परिचारिका माश्या आपल्या डोक्यातील ग्रंथींचा पांढरा रस, ज्याला रॉयल जेली म्हणतात, तोच भरवितात. त्यानंतर कामकरी व्हावयाच्या अळीच्या अन्नात मध आणि पराग मिसळतात व त्याचे प्रमाणही कमी करतात. राणी व्हावयाची अळी मात्र अखेरपर्यंत त्या रसात अक्षरशः तरंगत असते. त्या एका फरकाने एकीची अंडाशये पूर्ण वाढतात आणि ती दोन-तीन वर्षे जगते. दुसरीच्या मागच्या पायांवर परागाची टोपली येते आणि ती सहा आठवड्यांत झिजून मरते. पहिल्या दिवसाची अळी घेतली तर उत्तम राणी होते. तीन दिवसांच्या पुढे गेली की होत नाही, किंवा अर्धवट होते.

या गोष्टीचा शोध कोणी लावला हे काकांनी विचारले, आणि तो भाग सांगताना पुतणीचा स्वर बदलला. ज्या विषयावर आपले प्रेम आहे त्याच्या पूर्वजांविषयी बोलताना माणसाचा बदलतो तसा. सॅक्सनीतील लुसेशिया प्रांतात शिराख नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात राणी नसलेल्या लहान पेटीत अंड्या-अळ्यांच्या पोळ्याचा तुकडा ठेवून पाहिला, आणि त्यातील कामकऱ्यांच्या म्हणून घातलेल्या अंड्यांपासून माश्यांनी राणी निर्माण केल्याचे जगाला दाखविले. त्या काळच्या पुष्कळ विद्वानांना हे मान्य होईना, कारण राणीपद जन्मतः येते अशीच सर्वांची धारणा होती. जिनीव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबर यांनी शिराख यांचे म्हणणे पुन्हा पारखून सिद्ध केले. ह्यूबर अंध होते. पोळी उघडणे, माश्या एकेक करून न्याहाळणे हे सर्व त्यांचा सेवक ब्यूर्नां करीत असे, आणि धनी विचारीत, नोकर पाहून सांगत, अशा रीतीने १७९२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. डोळ्यांनी पाहणारा एक आणि पाहिलेल्याचा अर्थ लावणारा दुसरा, यांच्यातील अशी विश्वासाची वहिवाट विज्ञानाच्या इतिहासात विरळा आहे, आणि त्या ब्यूर्नांचे नाव ह्यूबरच्या नावाबरोबर घेतले जावे असे मला मनापासून वाटते.

काका : तर मग कुळाने नव्हे, पोषणाने राणी होते. मान्य. पण मग माझा दाखला तुझ्याविरुद्ध जात नाही. भगीरथराव नावाचा तो मुलगा शिंद्यांच्या भाऊबंदांतून आणून जयाजीराव म्हणून गादीवर बसविला, आणि त्याने १८८६ पर्यंत राज्य केले. तोही घडविलेलाच.

पुतणी : होय, आणि तो बालवयातच आणला म्हणून घडला. तुम्ही मात्र मला घडून चुकलेली राणी आणायला सांगत आहात. जयाजीरावांच्या दाखल्याचा आधार घ्यायचा तर तो चौकटीला आहे, काका, पिंजऱ्याला नाही. दुसऱ्या पेटीतील अंडी आणून यांच्या स्वाधीन करणे, हेच खरे दत्तकविधान.

काकांनी हे उत्तर दिलदारपणे स्वीकारले. तथापि ते मागे हटले नाहीत. त्यांचा पुढचा आक्षेप जुन्या मधपाळांचा आहे आणि तो हलका लेखण्यासारखा नाही.

काका : घाईत घडविलेली राणी हलकी होते, असे अनुभवी लोक म्हणतात. वसाहत भयभीत झालेली, वेळ थोडा. हाताशी येईल ती अळी उचलायची, ती दोन दिवसांची की तीन दिवसांची हे कोण पाहतो? आणि जी आधी बाहेर येईल ती बाकीच्या घरांच्या भिंतीतून डंख मारून आतील बहिणींना ठार करणार. आधी कोण येणार? जिची अळी वयाने सर्वांत मोठी, म्हणजेच जी राणी म्हणून सर्वांत कच्ची, ती. तुझ्या या पद्धतीत निकृष्टालाच अग्रपूजेचा मान आहे. उलट ज्यांनी हे शास्त्र म्हणून केले, ते काय करतात? उत्तम वसाहत निवडतात, तिच्यातली एका दिवसाच्या आतली अळी नेमकी उचलतात, मेणाच्या पेल्यात ठेवतात आणि बलवान वसाहतीकडून वाढवून घेतात. विवेक तो.

पुतणी : ती रीत अमेरिकेतील डूलिटल यांनी १८८९ च्या आपल्या पुस्तकात मांडली, आणि शेकडो राण्या वाढवायच्या असतील तर तिच्यावाचून गत्यंतर नाही, मीदेखील थंडीत, मोहरी फुलली असताना, तो प्रयत्न करणार आहे. पण तुमचा आक्षेप माश्यांना अगदीच अविवेकी ठरवितो. त्या राणीघरे गरजेपेक्षा अधिक बांधतात, आणि बांधलेल्यांपैकी पुष्कळ घरे राणी बाहेर पडण्यापूर्वी स्वतःच मोडून टाकतात; वयस्क अळीवर बांधलेली घरे अधिक प्रमाणात मोडली जातात असे निरीक्षणांत आढळले आहे. निवड एकदा अळी घेताना होते, दुसऱ्यांदा घर राखताना होते, आणि तिसऱ्यांदा राण्यांच्या द्वंद्वात. आपण फक्त एवढे पाहायचे, की घरे आखूड आणि गुळगुळीत आहेत की लांब आणि खडबडीत. माश्यांनी ज्या घरावर अधिक कष्ट घेतले त्याच्या पृष्ठावर खाचखळगे अधिक असतात. हे मधल्या चौकटीवरचे घर पाहा.

तिने चौकट उन्हाकडे धरली. घराच्या टोकाशी दोन-तीन माश्या मेण खरवडीत होत्या, इतरांपासून अलिप्त, जणू त्यांची तेथेच नेमणूक झालेली; चौकट तिने आडवी केली नाही, उलटी केली नाही, झटकली तर नाहीच, कारण कोषातील राणीचे अवयव या दिवसांत इतके कोवळे असतात की एका धक्क्याने पंख कायमचे अधू व्हावेत. आणि पंख अधू झालेल्या राणीला पुढे मार्ग नाही, कारण तिचा विवाह घरात होत नाही, आकाशात होतो.

काका : त्या विवाहाचे तरी कोणी हमीपत्र दिले आहे? वर तारेवर बघ.

तारेवर वेडे राघू बसले होते. हिरव्या अंगाचा, शेपटीतून दोन बारीक पिसे लांब काढलेला हा देखणा पक्षी मधमाशी हवेतल्या हवेत टिपतो, तारेवर आपटून तिचा डंख घालवितो आणि गिळतो; आणि राणी ही इतर माश्यांपेक्षा मोठी व जड उडणारी असल्याने तिच्या जन्मातील त्या एक-दोन भराऱ्यांत जे संकट असते ते काल्पनिक मुळीच नव्हे. या मुद्द्यावर पुतणीने आढेवेढे घेतले नाहीत.

पुतणी : हमी नाही. ती बाहेर जाईल, दहा-वीस नरांशी तिचा संयोग होईल, आणि पन्नास लाखांहून अधिक शुक्रजंतू देहात साठवून ती परत येईल. ते तिला जन्मभर पुरतात. परत आलीच नाही असेही होते. यास्तव मी दोन गोष्टी आधी पाहून ठेवल्या. एक, दुसऱ्या पेटीत नर भरपूर आहेत, आणि फुगीर झाकणांचे नरांचे कोषही आहेत. म्हणजे भरारीच्या वेळी वयात आलेले नर आसमंतात असतील. दुसरी, ऊन स्वच्छ आहे, वारा-पाऊस नाही. या दोन गोष्टी अनुकूल नसत्या तर मी तुमचेच ऐकले असते. श्रावणात राणी गेली असती, आठवडेच्या आठवडे झड लागलेली असती, उपासमारीमुळे माश्यांनी नरांना दाराबाहेर काढलेले असते, तर घरची राणी कुमारीच राहिली असती. आणि फळल्यावाचून राहिलेल्या राणीच्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. तेव्हा फळलेली राणी आणणे किंवा वसाहत दुसरीत विलीन करणे, एवढेच दोन रस्ते उरतात.

काका : म्हणजे माझी भीती खोटी नाही, तू फक्त ती फाल्गुनात लागू होत नाही म्हणतेस.

पुतणी : अगदी तसेच. आणि या खंडाचा एक लाभही आहे, जो तुमच्या जमाखर्चात आलेला नाही. व्हरोआ नावाचा तांबूस गोचीड माशीला बिलगून असतो, पण त्याची वीण होते ती झाकलेल्या कोषांत. कोषच नाहीत असा काळ आला की त्याची वीणही थांबते. राणीचे अंडे घालणे काही आठवडे बंद पडणे हे वसाहतीला दुबळे करते खरे, पण तिच्या वैऱ्यालाही करते.

काका : पण मग तू दुसऱ्या पेटीतून झाकलेले कोष आणून घालणार, त्यांबरोबर ते गोचीडही आणणार.

पुतणी : काही येतील. म्हणून एकच चौकट, अधिक नाही.

वाद असा ठिकठिकाणी तडजोडीवर येत होता, आणि तरीही माझ्या मते एका बाबतीत दोघांची दृष्टी अखेरपर्यंत निराळी राहिली. काकांना घर टिकते ते वारस नेमणाऱ्याच्या दूरदृष्टीने. पुतणीला ते टिकते ते वाढविणाऱ्यांच्या हातांनी. काकांनी बायजाबाईंनी बांधविलेल्या उज्जैनच्या गोपाळ मंदिराचा उल्लेख केला, आणि त्या कर्तबगार स्त्रीला तिनेच दत्तक घेतलेल्या मुलाच्या पक्षाने १८३३ मध्ये राज्याबाहेर घालविले याचीही आठवण प्रामाणिकपणे काढली. नेमणारा चुकू शकतो हे त्यांना ठाऊक आहे. पुतणीने त्यावर सातारा जिल्ह्याचे उदाहरण दिले. शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड याच जिल्ह्यातले, आणि महाराष्ट्रातील मधमाशीपालनाचे माहेर महाबळेश्वरही याच जिल्ह्यातले. तेथून जवळच्या मांघरला २०२२ मध्ये खादी व ग्रामोद्योग मंडळाने मधाचे गाव म्हणून पुढे आणले. तेथील सातेरी माशी आपल्या मेलिफेराहून लहान, चपळ, आणि राणी गेली असता फार थोडा वेळ देणारी. तिच्या कामकऱ्या मेलिफेराच्या मानाने लवकर स्वतः अंडी घालू लागतात. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती मेल्या, आणि पुढे त्या जातीची जी उभारी झाली ती तगून राहिलेल्या वसाहतींच्या संततीतूनच. बाहेरून आणलेल्या राणीबरोबर बाहेरचा वंश येतो, तो या हवेत टिकेल की नाही हे वर्षभराने कळते. येथल्या उन्हात वाढलेल्या पेटीच्या लेकीबाबत ती परीक्षा काही अंशी झालेली असते, असे तिचे म्हणणे. पंजाबात १९६२ नंतर स्थिरावलेली मेलिफेरा मुळात स्वतःच परकी, याकडे काकांनी लक्ष वेधले, आणि ते बरोबरच होते. मला स्वतःला या प्रसंगी पुतणीची बाजू सबळ वाटली, आणि तिचे कारण वंशाभिमान नसून केवळ हेच आहे, की तिच्या मार्गात फसगत झाली तरी दुसरा उपाय शिल्लक राहतो. काकांच्या मार्गात पहिले पाऊल टाकतानाच मागची वाट मोडावी लागते.

काका : शेवटचे विचारतो. राणी परतली नाही, हे तुला कळणार कसे? तू पेटी रोज उघडणार काय?

पुतणी : मुळीच नाही. कुमारी राणी घाबरट असते, धावते, लपते. पेटी वारंवार उघडली तर भरारीहून परतणाऱ्या राणीची वाट चुकते, किंवा गोंधळात माश्याच तिला घेरतात. घरे फुटून आठवडा झाला की बाहेरून पाहायचे : पराग आत जातो आहे की नाही. मग नियोजित दिवशी एकदाच उघडायचे आणि राणी शोधायची नाही, अंडी शोधायची. घराच्या तळाशी मधोमध एकेक उभे अंडे दिसले की काम झाले. नवी राणी आरंभी एखाद्या घरात दोन घालते, त्याने भ्यायचे नाही. अंडी दिसली नाहीत तर दुसऱ्या पेटीतील ताज्या अंड्यांची चौकट आत ठेवायची आणि चार दिवसांनी पाहायचे. तिच्यावर त्यांनी नवी राणीघरे आरंभिली तर आत राणी नाही. आरंभिली नाहीत तर बहुधा आहे, थोडी उशिरा फळते आहे. याहून सरळ साक्ष दुसरी नाही.

काका : आणि घराघरांत तीन-तीन, चार-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली तर?

पुतणी : तर कामकऱ्यांनी घालायला सुरुवात केली. त्यांचे पोट आखूड, तळापर्यंत पोचत नाही, म्हणून अंडी भिंतीवर. तेव्हा मग हट्ट करायचा नाही. बलवान पेटीच्या वर वर्तमानपत्राचा एक कागद पसरायचा, त्याला टाचणीने चार भोके पाडायची, आणि ही पेटी त्यावर ठेवायची. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडीत एकमेकींपर्यंत पोचतील तोवर दोहोंचा गंध एक झालेला असतो, आणि भांडण होत नाही. उन्हाळा एका पेटीवर काढू, कार्तिकात तिचे पुन्हा दोन भाग करू.

काकांनी संमती दिली, पण अट घातली : आषाढापासून भाद्रपदापर्यंत कोणत्याही पेटीतील राणी गेली, तर वाट न पाहता फळलेली राणी आणावयाची. पुतणीने ती अट मान्य केली. मग दुसऱ्या पेटीतून झाकलेल्या कोषांची एक भरगच्च चौकट काढून, तिच्यावर तेथील राणी चुकून आलेली नाही हे दोनदा पाहून, माश्या ब्रशने हलकेच उतरवून, ती राणीघरांच्या चौकटीला लागून बसविण्यात आली. पेटीच्या चारी पायांखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी भरले गेले, दार दोन माश्या जातील एवढेच उघडे ठेवले, आणि काकांनी पंचांगात चैत्र शुद्धातील एका तिथीवर पेन्सिलीने खूण करून तोवर झाकणाला हात लावायचा नाही असे बजावले.